शून्य जागांच्या वर्षी अर्थशास्त्र

जून २०२० मध्ये संघ लोकसेवा आयोगाने भारतीय अर्थसेवा आणि भारतीय सांख्यिकी सेवा या परीक्षांची अधिसूचना काढली. सांख्यिकी सेवेच्या जागा होत्या ४७, अर्थसेवेच्या जागा शून्य. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला एप्रिल-जून तिमाहीचा आकडा जाहीर झाला : देशाचं सकल देशांतर्गत उत्पादन आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा २३.९ टक्क्यांनी खाली. तिमाही आकडे निघू लागल्यापासून एवढी घसरण कधी झाली नव्हती. अर्थव्यवस्था समजून सांगणाऱ्या माणसांची गरज सर्वांत जास्त होती, तेव्हाच केंद्र सरकारच्या या सेवेत एकही नवा माणूस घ्यायचा नव्हता.

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला तो शून्य फार लागला. या सेवेची तयारी करणारी मुलं इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण ती होती. बाकीच्यांची अवस्था वेगळी नव्हती. कोविडच्या साथीमुळे महाविद्यालयं बंद होती आणि परीक्षा लांबल्या होत्या. मध्य प्रदेशात अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरमध्ये ‘ओपन बुक’ पद्धतीने झाल्या : प्रश्नपत्रिका मोबाइलवर आली, उत्तरं घरी बसून लिहायची आणि वह्या ठरलेल्या केंद्रावर नेऊन द्यायच्या. पुढे नोकरीच्या मुलाखतींत या मुलांना ‘कोविड बॅच’ म्हणून ऐकून घ्यावं लागलं. पुस्तक उघडं ठेवून पास झालेली, म्हणजे काही न शिकलेली, असा त्याचा अर्थ.

हा शिक्का मला मान्य नाही. अर्थशास्त्रात काही प्रश्न असे आहेत की शांत काळात त्यांची उत्तरं सापडतच नाहीत. सगळं एकदम थांबतं तेव्हाच कशावाचून काय अडतं ते दिसतं, आणि या मुलांनी ते दारात उभं राहून पाहिलं. पण नुसतं पाहून शास्त्र होत नाही. जवळ राहून मोजणारा आणि लिहून ठेवणारा कुणीतरी लागतो. आमच्या गावाला साथीच्या दीड वर्षात असा माणूस लाभला का, हा माझा खरा प्रश्न आहे.

बऱ्हाणपूर महाराष्ट्राच्या वेशीवर आहे. तापी इथून पुढे जळगाव जिल्ह्यात शिरते. रेल्वेने खंडव्याला निघालेला भुसावळचा माणूस आमच्या स्टेशनावरून जातो. घरात मराठी, गल्लीत हिंदी-उर्दू आणि अर्थशास्त्राची चांगली पुस्तकं इंग्रजीत, अशा तिन्ही भाषांतून इथला विद्यार्थी वाट काढतो. गावाची कमाई मुख्यतः दोन गोष्टींवर : यंत्रमाग आणि केळी. जिल्ह्यातल्याच नेपानगरचा वर्तमानपत्री कागदाचा सरकारी कारखाना २०१६ पासून नूतनीकरणासाठी बंदच होता. तो पुन्हा सुरू झाला २०२२ च्या ऑगस्टमध्ये. साथ आली तेव्हा त्याचा आधार नव्हता.

केळीपासून सुरुवात करतो. जून-जुलैत लावलेल्या बागेला मृगबाग म्हणतात, पावसाळा सरताना लावलेलीला कांदेबाग. बऱ्हाणपूरच्या लिलावात निघालेल्या भावाकडे जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, सावदा, फैजपूरपर्यंतच्या शेतकऱ्याचं लक्ष असतं. माल जातो मुख्यतः उत्तरेकडे, ट्रकांनी. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि ट्रक, हमाल, तिकडच्या मंड्या, हातगाड्या सगळं एकदम विस्कटलं. एप्रिलच्या अखेरीस रमजान सुरू झाला. एरवी त्या महिन्यात केळीला हमखास उठाव असतो, त्या वर्षी तो तसा राहिला नाही.

पुस्तकात शिकवतात : मागणी घटली की किंमत उतरते आणि मग पुरवठादार माल आखडता घेतो. केळीच्या बागेत माल आखडता घेता येत नाही. भरलेला घड झाडावर ठेवला तर तिथेच पिकतो आणि त्याचे फक्त नासके ढीग उरतात. तो कापला नाही तर खालचं पील, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, जोर धरत नाही आणि त्या पिलांवर घ्यायचं पुढचं पीक लांबतं. म्हणजे आज न विकण्याची किंमत पुढच्या वर्षीही मोजावी लागते. आल्फ्रेड मार्शलने अगदी अल्प काळाचा बाजार समजावताना ताज्या मासळीचं उदाहरण घेतलं होतं, आणि आमची मुलं पिढ्यानपिढ्या ते पाठ करत आली. त्या एप्रिलमध्ये बागांतून घड तोडून गुरांपुढे टाकले जात होते, तेव्हा मार्शलचं ते पान इथल्या कोणत्याही मुलाला समजावून सांगायची गरज उरली नाही. पावसाळ्यात रावेर-यावल पट्ट्यातल्या नव्या बागांवर सीएमव्ही हा केळीचा विषाणू आला आणि शेतकऱ्यांना लावलेली रोपं उपटून फेकावी लागली. एकाच वर्षी माणसावर एक विषाणू आणि पिकावर दुसरा. विमा, कर्ज, जोखीम हे धडे त्याहून स्पष्ट कुठे मिळणार होते?

मागाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो. बऱ्हाणपुरात हजारो यंत्रमाग आहेत. सूत शेटचं, कापडही शेटचं. मजुरी मिळते ती विणून दिलेल्या मीटरवर. माग बंद असेल त्या दिवशी मजुरी नाही. त्या काळात एका विद्यार्थिनीने मला तिच्या वडिलांच्या हिशेबाची वही दाखवली होती. रेघा मारून चार रकाने : तारीख, मीटर, मजुरी, उचल. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पहिले तीन रकाने रोज भरलेले, चौथ्यात अधूनमधून एखादा आकडा. टाळेबंदीनंतर मीटर आणि मजुरीचे रकाने कोरे, पण उचल चालू, कारण किराणा तर लागतोच आणि तो शेटच्या पैशांतूनच यायचा. माग पुन्हा फिरू लागले तेव्हा मीटर परत आले, मजुरी लिहिली गेली, आणि शेजारी तिच्यातून कापलेली रक्कमही. तिने विचारलं, “सर, हे जे आता मिळतंय त्याला मजुरी म्हणायचं की कर्जफेड?”

या एका प्रश्नावर प्रबंध उभा राहू शकतो. उचल फिटेपर्यंत तो माणूस दुसऱ्या शेटकडे सहज जाऊ शकत नाही. चार पैसे जास्त मिळणार असले तरी नाही. श्रमाचा बाजार खुला आहे, मजूर हवं तिथे जातो, हे गृहीतक त्या चौथ्या रकान्यात अडकून पडतं. शेटला सरसकट दोष द्यावा असंही नाही. उचल मिळाली नसती तर ते घर उपाशी राहिलं असतं. पण जी गोष्ट विम्याने किंवा सरकारने करायची ती मालकाने केली, की तिची परतफेड माणसाच्या मोकळेपणातून होते.

त्या मुलीची आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, आणि तिला वहीत वेगळा रकाना नव्हता. सरकारी आकड्यांत मात्र तिला जागा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशातला बेरोजगारीचा दर २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के होता, २०१९-२० मध्ये ४.८ आणि २०२०-२१ मध्ये ४.२. म्हणजे ज्या वर्षी कारखाने बंद पडले, माणसं पायी घरी निघाली, त्या वर्षी बेरोजगारी कमी झाली! आकडा खोटा नाही. घरच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणारी व्यक्तीही त्यात रोजगारात धरली जाते. पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमसहभाग याच काळात २४.५ वरून ३२.५ टक्क्यांवर गेला. आणि ज्या शेतीतून माणसं बाहेर पडावीत अशी आपली दीर्घकाळची धडपड होती, तिचा रोजगारातला वाटा ४२.५ टक्क्यांवरून ४६.५ वर चढला. आकडा वाचायला शिकणं म्हणजे त्याच्या पोटात कोण बसलंय ते ओळखणं. हे मी वर्गात अनेक वर्षं सांगत आलो. कांड्या भरणारी आई डोळ्यांपुढे असलेल्या मुलीला ते पहिल्यांदा पूर्ण उमगलं.

माणसं शेतीकडे कशी परतली तेही आम्ही जवळून पाहिलं. जिल्ह्यातल्या खकनार-नेपानगर भागातली कुटुंबं मजुरीसाठी महाराष्ट्रात जातात. ती मिळेल त्या वाटेने आली. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया भागातले होते, जालन्याच्या कारखान्यातून निघाले होते आणि भुसावळला जाऊन गावची गाडी पकडणार होते. भुसावळ आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. त्यांची गाडी आमच्याच स्टेशनावरून पुढे गेली असती.

आता शंभर वर्षं मागे जाऊ. जून १९१८ मध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला; सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या लाटेने कहर केला. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. देशभरात गेलेल्यांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. सर्वांत जबर तडाखा बसलेल्या भागांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते, आणि बऱ्हाणपूर तेव्हा त्याच प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे एक नवे प्राध्यापक रुजू झाले : भीमराव रामजी आंबेडकर, वय २७. कोलंबियातलं शिक्षण झालेलं, लंडनचं अर्धवट राहिलेलं, बडोद्याच्या नोकरीत जातीपायी राहायला घर मिळालं नाही म्हणून ती सोडलेली. साथीने पोळलेल्या शहरात अर्थशास्त्राच्या अध्यापकाची नोकरी हे त्यांचं लंडनला परतण्याचं साधन होतं. साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांसारख्यांची मदत यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले आणि १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला. साथीच्या दिवसांत अर्थशास्त्रात पाय रोवणाऱ्या मराठी माणसाचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही.

पण मला इथे त्यांचा १९१८ मधला एक निबंध महत्त्वाचा वाटतो. शेतीचे लहान तुकडे आणि त्यावरचे उपाय हा त्याचा विषय. तुकडे एकत्र करा, शेतं मोठी करा, असा तेव्हा सगळीकडे आग्रह होता. आंबेडकरांनी प्रश्न उलटा केला. शेत लहान की मोठं हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. त्यावर किती भांडवल आणि किती श्रम लागतात त्यावर ठरतं. भारतात जमिनीवर बिनकामाच्या हातांचा भार आहे आणि तो उतरवायचा तर उद्योग वाढवावे लागतील. शेतीतल्या या जादा हातांची सर्वांत गाजलेली मांडणी आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये केली.

योगायोग असा, की हे हात खरोखरच जादा आहेत का, याची परीक्षा आंबेडकरांनी निबंध छापला त्याच वर्षीच्या साथीवरून झाली. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात हिशेब मांडला : इन्फ्लुएंझाने भारतातले शेतीवरचे सुमारे ८ टक्के हात गेले. ते हात जादा असते तर पेरा कमी व्हायला नको होता. पण १९१९-२० चा पेरा १९१६-१७ पेक्षा जवळजवळ ४ टक्क्यांनी घटला. म्हणजे जादा हातांचा सिद्धांत चुकीचा. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये ही चाचणी खोडून काढायला लेख लिहिला. दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं, पण मला त्यातला एक मुद्दा शेतकऱ्याच्या अंगणातून बघितला की लगेच पटतो. साथ एखाद्या घरातली सगळी कर्ती माणसं नेते आणि शेजारच्या घराला हातही लावत नाही. पहिल्या घराचं शेत पडीक राहतं, शेजारी दोन भाऊ निम्मा दिवस रिकामे असले तरी ते शेत आपोआप त्यांच्याकडे जात नाही. तेव्हा पेरा घटला म्हणजे कुणीच रिकामं नव्हतं, असं सिद्ध होत नाही. १९७९ चं अर्थशास्त्राचं नोबेल शुल्ट्झ आणि लुईस यांना विभागून मिळालं. एकाच प्रश्नाची दोन विरुद्ध उत्तरं देणारी माणसं एका व्यासपीठावर, आणि त्या वादातला पुरावा होती आमच्यासारख्या जिल्ह्यांतली गेलेली माणसं.

हा वाद मिटावा म्हणून गावपातळीवरचा पुरावा हवा होता : कोणत्या घरातले कोण गेले, कुणाची जमीन कोणी कसली, बैल कुणाकडे होते. तो कुणी लिहून ठेवला नव्हता. उरले ते प्रांतवार पेऱ्याचे आणि मृत्यूचे तक्ते. निदान १९२१ ची जनगणना वेळेवर झाली, म्हणून दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली हे तरी कळलं.

बऱ्हाणपूरपुरतं बोलायचं तर याहून जुना धडाही गावातच पडलेला आहे. १६३०-३२ च्या दुष्काळात शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी इथे तळ ठोकून होता. जून १६३१ मध्ये मुमताज महल इथेच गेली. पर्यटक तेवढंच ऐकून परततात. त्याच मुक्कामात बादशहाने इथे लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांत वाटण्याचा हुकूम दिला. वीस सोमवारी लाख रुपये वाटले गेले, अशी दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीची नोंद आहे. दुसरीकडे माळव्याचं धान्य बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून बऱ्हाणपूरच्या शाही फौजेकडे वळत होतं आणि गुजरातेत माणसं मरत होती. सुरतेहून आग्र्याला निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेवरची प्रेतं आणि ओस गावं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. धान्यच नसलेल्या मुलुखात रोख रक्कम वाटून काय साधतं आणि लंगराने काय साधतं, हा प्रश्न त्या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की उभा राहतो. २०२० मध्ये परिस्थिती उलटी होती. सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती, नव्हता तो पैसा. जनधन खात्यांत स्त्रियांना तीन महिने पाचशे रुपये आणि रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत, हे दोन्ही दिलं गेलं. पण रेशनकार्ड गावी आणि माणूस सुरतेच्या खोलीत, म्हणून कित्येकांपर्यंत ते पोचलं नाही. या तुलनेवर पदव्युत्तर वर्गाचं अख्खं सत्र घेता येईल.

करिअरचा प्रश्न मात्र या सगळ्याने सुटत नाही, आणि तो टाळणं मुलांवर अन्याय होईल. साथीने दोन दारं उघडली. एक, चर्चासत्रं ऑनलाइन आली. एरवी दिल्ली-मुंबईच्या संस्थांत प्रवेश मिळाल्याशिवाय जे व्याख्यान कानावर पडलं नसतं ते बऱ्हाणपूरच्या माडीवर, रिचार्ज असेल तर, ऐकता आलं. दुसरं, घरोघर जाणारी सर्वेक्षणं फोनवर आली आणि त्यासाठी स्थानिक भाषा जाणणारी मुलं लागली. मुंबईच्या सीएमआयई या संस्थेनेही टाळेबंदीत आपली कुटुंब-पाहणी फोनवर नेली. एप्रिल २०२० मध्ये सुमारे १२ कोटी लोकांचं काम गेल्याचा तिचा अंदाज तेव्हा देशभर चर्चेत होता. पण फोनवर उत्तर देतो तो फोन ज्याच्या हातात आहे तो. मागावरच्या घरात तो बापाकडे किंवा भावाकडे असतो. कांड्या भरणारी आई इथेही सुटते. ज्या मुलीला हे आधीच ठाऊक आहे, ती त्या सर्वेक्षणाचा प्रश्न कसा विचारायचा हे महानगरातल्या संशोधकाला शिकवू शकते. माझ्या मते तिचं खरं भांडवल हेच. पदवीवर ‘ओपन बुक’ लिहिलं असेल, पण तिने जे पाहिलं ते त्या संशोधकाच्या पाहण्यात आलेलं नाही.

दिल्लीत किंवा परदेशात जाऊन मोठी होणाऱ्या मुलांचं कौतुक आहेच. पण सगळी हुशार मुलं निघून गेली आणि तिथून आमच्याकडे आकडे मागत राहिली, तर जिल्ह्यांचं अर्थशास्त्र कोण लिहिणार? पुण्यात १९३० मध्ये गोखले संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळांनी केंब्रिजहून आल्यावर पुणे शहरातल्या घरांची पाहणी करवली. पुढच्या पिढ्यांना पुणं समजलं ते त्यामुळे. खानदेश-निमाडच्या या पट्ट्याला तशी संस्था आजवर मिळाली नाही.

आणि या वेळी जनगणनेचाही आधार राहिला नाही. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आलेली गणना २०२१ मध्ये झाली नाही. आता ती २०२७ मध्ये होईल. साथीत किती माणसं गेली यावरही एकमत नाही. सरकारी नोंदीत २०२१ अखेर सुमारे ४.८ लाख, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा, आणि भारत सरकारने तो नाकारला. पन्नास वर्षांनी एखादा शुल्ट्झ आणि एखादा सेन २०२० वरून वाद घालतील तेव्हा त्यांच्यासमोर काय असेल? १९१८ च्या वेळी होतं त्याहून कमी, अशी मला भीती वाटते.

म्हणून सांगायचं ते सरळ सांगतो. मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या मुलांना प्रकल्प किंवा क्षेत्रकार्य करावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते इंटरनेटवरून उतरवलेल्या पानांवर भागवलं जातं. ते तास आपल्या मोहल्ल्यांत वापरा. प्रत्येक विद्यार्थ्याने पाच घरं घ्यावीत : २०१९ ते २०२२ मध्ये कोण काय काम करत होतं, उचल किती होती, ती फिटली का, कोण गेलं, कोणती जमीन विकली किंवा बटाईने दिली, कोणत्या मुलीचं शिक्षण सुटलं. नावं गाळा, तारखा गाळू नका. लोकांच्या आठवणी अजून पक्क्या आहेत आणि हिशेबाच्या वह्या अजून रद्दीत गेलेल्या नाहीत. आणखी दहा वर्षांनी दोन्ही मिळणार नाहीत. रावेर, भुसावळ, जळगावच्या प्राध्यापकांनी सोबत आलं तर सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची केळी आणि मजुरी एकत्र पाहता येईल. आणि ज्यांना ‘कोविड बॅच’ म्हणून हिणवलं गेलं त्या माझ्या विद्यार्थ्यांनी ही पाहणी करणाऱ्या आताच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायला पुढे यावं. या कामाला तुमच्याइतकं लायक दुसरं कुणी नाही.